एका बिंदूचा इतिहास : गणिती संगणकप्रणालींचे स्थित्यंतर आणि अंकपंक्तींची गणिते

एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना अनोळखी शब्दांमुळे होणारा घोटाळा फारसा हानिकारक नसतो. तो तत्काळ ध्यानी येतो आणि कोश उघडला म्हणजे मिटतो. खरा घोटाळा होतो तो दोन्ही भाषांत रूप तेच पण अर्थ निराळा अशा शब्दांमुळे. हिंदीतील ‘चेष्टा’ आणि मराठीतील ‘चेष्टा’, हिंदीतील ‘शिक्षा’ आणि मराठीतील ‘शिक्षा’ ही उदाहरणे सर्वपरिचित आहेत. अशा ठिकाणी वाचक अडखळत नाही. तो आत्मविश्वासाने चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो. गणिती संगणकप्रणाली बदलताना नेमके हेच घडते, आणि तेथे तर अर्थाची शंका घेणारा श्रोताही समोर नसतो. यंत्र दिलेली आज्ञा स्वतःच्या व्याकरणाप्रमाणे लावते, उत्तर देते आणि गप्प बसते.

प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. संख्यांची संपूर्ण पंक्ती एकदम हाताळणाऱ्या गणितांचे, ज्यांना सदिश पद्धतीची गणिते म्हणतात त्यांचे, व्याकरण प्रणालीगणिक भिन्न का झाले, आणि महाराष्ट्रात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून जेव्हा एका प्रणालीकडून दुसरीकडे जाण्याची संघटित चळवळ सुरू झाली तेव्हा या भिन्नतेचे काय झाले, हा आपला विषय आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असून गणिताचा नव्हे. म्हणून विवेचनाची दृष्टी चिन्हांच्या अर्थाची राहील.

प्रथम ‘पंक्ती एकदम हाताळणे’ म्हणजे काय ते पाहू. जुन्या अंकलिपीतील उजळणी ज्यांनी पाठ केली आहे त्यांस हे समजावून सांगावे लागू नये. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही कोष्टके म्हणजे एक अपूर्णांक आणि एकापासून पुढच्या संख्यांची पंक्ती यांचा घटकवार गुणाकारच होय. (‘औट’ म्हणजे साडेतीन; संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले हे रूप आहे. चौथा अर्धा, म्हणजे तीन पूर्ण व चौथ्याचे अर्धे. संख्यावाचक शब्दांत मोजण्याची रीत कशी गोठून राहते याचा हा सुंदर नमुना.) मुलगा औटकी म्हणत असे तेव्हा प्रत्येक ओळीस ‘आता गुणाकार कर’ असे त्यास सांगावे लागत नसे; कोष्टकाच्या नावातच ती आज्ञा सर्व पंक्तीसाठी एकदा दिलेली असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, त्यानंतरच्या काही वर्षांत मेट्रिक वजनेमापेही आली, आणि या कोष्टकांचे प्रयोजन संपले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात हे ज्यांस काही काळ मनात धरावे लागले त्यांनीही एक प्रकारचे प्रणालीस्थित्यंतरच अनुभवले होते. मात्र तेथे ‘आणा’ आणि ‘नवा पैसा’ हे शब्द वेगळे होते आणि नाण्यावरचा ‘नवा’ हा शब्द सावध करीत होता.

योगायोग असा की फोर्ट्रान ही पहिली बहुप्रचलित गणिती संगणकभाषाही १९५७ सालचीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला, आणि १९६४ मध्ये तेथेच सीडीसी ३६०० हे आयात यंत्र आले. या काळातील गणनेचे व्याकरण एकवचनी होते. शंभर संख्यांना कशाने तरी गुणावयाचे असेल तर ‘पहिली घे, गुण, दुसरी घे, गुण’ असे आवर्तन लिहावे लागे. फोर्ट्रानने अंकपंक्तीला नाव देण्याची सोय केली. परंतु नावावर थेट क्रिया करण्याची सोय त्या भाषेत येण्यास फोर्ट्रान ९० पर्यंत वाट पाहावी लागली. एक गोष्ट मात्र फोर्ट्रानने कायमची ठरवून टाकली. द्विमित कोष्टक यंत्राच्या स्मृतीत उभ्या स्तंभांनी साठवावयाचे, म्हणजे पहिला स्तंभ वरून खाली, मग दुसरा. आपल्या अंकलिपीतील पाढेही असेच उभे छापलेले असत. पुढे सी भाषेने आडव्या ओळींचा क्रम स्वीकारला. त्यामुळे बारा संख्यांचे तीन ओळी व चार स्तंभांचे कोष्टक करा असे मॅटलॅबला सांगितले तर ती संख्या उभ्या भरते, आणि पायथनमधील नमपायला तेच सांगितले तर ती, वेगळी सूचना नसल्यास, आडव्या भरते. संख्या त्याच, आकार तोच, आणि कोष्टक निराळे. प्रणालीच्या आजच्या वापरकर्त्याने फोर्ट्रानची एक ओळही कधी लिहिलेली नसते. तरी १९५७ चा तो निर्णय त्याच्या उत्तरात उतरतो.

अनेकवचनी व्याकरणाचा खरा आद्य प्रवर्तक केनेथ आयव्हर्सन. १९६२ मध्ये त्याचा ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हा ग्रंथ निघाला आणि त्याच्याच आद्याक्षरांवरून त्या भाषेस एपीएल हे नाव पडले. आयव्हर्सनच्या दृष्टीने पंक्ती ही अनेक संख्यांची सभा होय. दोन पंक्तींमध्ये गुणाकाराचे चिन्ह ठेवले की पहिलीचा पहिल्याशी, दुसरीचा दुसऱ्याशी असा घटकवार गुणाकार होतो. मॅट्रिक्सचा गुणाकार हवा असेल तर त्यासाठी बेरीज व गुणाकार ही दोन चिन्हे जोडून निराळी खूण करावी लागते. १९७० नंतरच्या दशकात जी सदिश यंत्रे निघाली त्यांच्या मुळाशी हीच कल्पना होती. सीडीसीच्या स्टार-१०० या यंत्राच्या रचनेवर एपीएलचा प्रभाव होता, आणि १९७६ च्या क्रे-१ मध्ये एकेका सदिश कप्प्यात ६४ संख्या मावत व एका आज्ञेने त्या सर्वांवर क्रिया होई. ‘सदिशीकरण’ हा शब्द या यंत्रांच्या परिसरात रूढ झाला. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला तेव्हा त्याची वाट निराळी होती. एका प्रबळ सदिश प्रक्रियकाऐवजी अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून काम वाटून देण्याची ती पद्धती. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दुसरी परंपरा क्लीव्ह मोलर याची. न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवीत असताना, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता रेषीय बीजगणिताच्या प्रस्थापित आज्ञासंग्रहांचा उपयोग करता यावा म्हणून त्याने मॅटलॅब रचली. १९८४ मध्ये मॅथवर्क्स या कंपनीची स्थापना होऊन तिचे व्यापारी रूप आले. मोलर हा मॅट्रिक्सचा गणिती. त्याच्या दृष्टीने मॅट्रिक्स ही एक अखंड वस्तू होय. म्हणून साधे तारकाचिन्ह त्याने मॅट्रिक्सच्या गुणाकारास दिले, आणि घटकवार गुणाकारास त्याच चिन्हामागे एक बिंदू जोडला. तिरप्या रेषेचेही तेच : नुसती रेषा म्हणजे समीकरण सोडविणे, बिंदूसह रेषा म्हणजे घटकवार भागाकार.

येथे दोन लोकसमूह एकाच चिन्हाचे दोन अर्थ घेऊन वेगळे झाले. नमपाय (तिची पूर्वज न्यूमेरिक १९९५ ची, तिची स्वतःची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची) आयव्हर्सनच्या बाजूस गेली. तिच्या अंकपंक्तींत तारका म्हणजे घटकवार गुणाकार. मॅट्रिक्स गुणाकारास पायथनमध्ये स्वतंत्र चिन्ह मिळाले ते २०१५ मध्ये, ३.५ या आवृत्तीत. संख्याशास्त्राची आर ही भाषाही घटकवार पक्षाचीच. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत जन्मलेली सायलॅब आणि जॉन ईटनची ऑक्टेव्ह यांनी मोलरचा पक्ष घेतला. समान बाजूंची दोन कोष्टके घेऊन त्यांच्यामध्ये तारका ठेवली तर दोन्ही पक्षांकडून उत्तर मिळते, उत्तराचा आकारही तोच असतो, आणि आतील संख्या सर्वस्वी भिन्न असतात.

आकार न जुळणाऱ्या पंक्तींची कथा याहून बोधप्रद आहे. सहा संख्यांच्या पंक्तीत दोन संख्यांची पंक्ती मिळवा असे आरला सांगितले तर ती लहान पंक्ती तीनदा फिरवून वापरते आणि चकार शब्द काढीत नाही. सहास पाचाने नीट भाग जात नाही असे दिसल्यासच ती सूचना देते. नमपाय अशा वेळी सरळ नकार देते. परंतु तीन संख्यांची आडवी ओळ आणि तीन संख्यांचा उभा स्तंभ यांची बेरीज मागितली तर नमपाय तीन गुणिले तीन असे नऊ संख्यांचे कोष्टक तयार करते. मॅटलॅब या प्रसंगी नकार देत असे. २०१६ च्या उत्तरार्धातील आवृत्तीपासून तीही नऊ संख्या देऊ लागली. म्हणजे प्रणाली न बदलता केवळ नवी आवृत्ती घेणाऱ्यासही स्थित्यंतर चुकलेले नाही. पूर्वी जी चूक यंत्र दाखवून देत असे ती आता यंत्राच्या दृष्टीने चूकच राहिली नाही.

मर्यादेचा प्रश्न भाषाशास्त्रज्ञास विशेष आवडावा असा आहे. ‘सोमवारपासून गुरुवारपर्यंत सुट्टी’ असे म्हटले तर गुरुवारी शाळा आहे की नाही? पाणिनीय व्याकरणाने हा भेद दोन संज्ञांनी नोंदविलेला आहे. सीमेवरची वस्तू वगळली तर ‘मर्यादा’, आणि सामावून घेतली तर ‘अभिविधी’. मॅटलॅब, सायलॅब, ऑक्टेव्ह व आर यांत ‘दोन ते पाच’ म्हणजे अभिविधी. पाचवा घटक येतो. पायथनमध्ये ती मर्यादा आहे. पाच वगळला जातो. त्यातच पायथन शून्यापासून मोजते. तेव्हा ‘दोन ते पाच’ या एकाच लेखनाने एकीकडे दुसरा, तिसरा, चौथा व पाचवा असे चार घटक मिळतात आणि दुसरीकडे तिसरा, चौथा व पाचवा असे तीन. प्रमाण विचलनासारख्या नित्याच्या राशीतही हे आहे. मॅटलॅब व आर संख्यांच्या गणतीतून एक वजा करून भागतात. नमपाय, निराळे न सांगितल्यास, पूर्ण गणतीने भागते. शंभर निरीक्षणांत हा फरक नगण्य. पाच निरीक्षणांत तो दहा टक्क्यांच्या वर जातो. पदव्युत्तर प्रबंधांतील प्रयोग बहुधा पाच निरीक्षणांचेच असतात!

आता पवईकडे वळू. मॅटलॅबचा परवाना विकत घ्यावा लागतो, आणि तो खर्च जिल्ह्यांतील सामान्य अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवडणारा नव्हता. केंद्र शासनाने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम २००९ मध्ये हाती घेतली, आणि तिच्या आश्रयाने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. शिक्षणात मुक्त संगणकप्रणालींचा प्रसार करणे हे त्याचे उद्दिष्ट. प्रकल्पाचे धुरीण कन्नन मौदगल्य हे रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक. पायथनच्या शाखेत विमानविद्येचे प्रभू रामचंद्रन यांनी काम केले. मॅटलॅबऐवजी सायलॅब हा या चळवळीचा एक प्रमुख कार्यक्रम होता. त्यासाठी मुख्यतः दोन उपाय योजले गेले. एक, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील नेमलेले अभ्यास सायलॅबमध्ये उतरवून देणे. दुसरा, प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहवून घेणे. अशी शेकडो पुस्तके पूर्ण झाली. याच सुमारास त्याच संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सायलॅबचे पाठ मराठीसह भारतीय भाषांतून उपलब्ध केले.

सायलॅबची निवड सयुक्तिक होती. ती मोलरच्या पक्षातली. तारका, बिंदू, एकापासून मोजणी, अभिविधी हे सारे मॅटलॅबप्रमाणेच. पोटभाषा म्हणावी इतके साम्य. आणि पोटभाषांतच ‘चेष्टे’चा धोका अधिक असतो.

यासाठी एक उदाहरण घेऊ. पुणे–सोलापूर महामार्गावर, दौंड तालुक्यात कुरकुंभ हे गाव आहे. फिरंगाई देवीचे स्थान म्हणून ते जुन्या पिढीस ठाऊक. आज त्याची ओळख महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या रासायनिक वसाहतीमुळे आहे. अशा वसाहतीत नोकरीस लागणारा रासायनिक अभियंता ज्या गणितावर पोसलेला असतो त्यांपैकी एक अगदी प्राथमिक गणित असे : पात्रातील द्रव्याची संहती ठराविक वेळांनी मोजावयाची, प्रत्येक संहतीचा व्यस्तांक काढावयाचा, आणि तो काळाशी मांडावयाचा. आलेख सरळ रेषेत चढला तर अभिक्रिया द्वितीय कोटीची, आणि रेषेचा चढ म्हणजे तिचा वेगस्थिरांक. समजा, शून्य, एक व तीन तासांनी संहती अनुक्रमे १, ०.५ व ०.२५ मिळाली. व्यस्तांक १, २ व ४. रेषा सरळ आहे. चढ तासाला एक.

या संहतींच्या आडव्या ओळीस ‘क’ म्हणू. मॅटलॅबच्या सवयीचा विद्यार्थी, मध्ये मोकळी जागा न सोडता, असे लिहितो : १./क. मॅटलॅब यातील बिंदू तिरप्या रेषेकडे लावते आणि घटकवार भागाकार करून १, २, ४ देते. फॉसीचे कार्य ज्या काळात सुरू झाले त्या काळच्या, म्हणजे पाचव्या मालिकेतील, सायलॅबमध्ये हा बिंदू मागील अंकाकडे जातो. ‘१.’ हा दशांशचिन्हासह लिहिलेला एक, आणि पुढे उरते ती नुसती तिरपी रेषा, जिचा अर्थ समीकरण सोडविणे. यंत्र मग ‘क’शी गुणले असता एक येईल असा सर्वांत लहान स्तंभ शोधते, आणि तो प्रत्येक संहतीला सर्व संहतींच्या वर्गांच्या बेरजेने भागून मिळतो. येथे ती बेरीज १.३१२५, म्हणून उत्तर येते ०.७६२, ०.३८१, ०.१९०. जे चढावयाचे ते उतरते आहे. ज्यास व्यस्तांक समजलो तो मूळ पंक्तीचाच खुजा केलेला आकार आहे. आलेख काढण्यास यंत्राची हरकत नसते, कारण संख्या तीनच आहेत. तसेच १ ते १० या पंक्तीचा व्यस्तांक असा काढला तर अपेक्षित वक्राऐवजी आरंभबिंदूच्या दिशेने जाणारी स्वच्छ सरळ रेषा मिळते, आणि सरळ रेषा पाहून समाधान पावण्याची सवय तर प्रयोगशाळेतच लागलेली असते.

मोडी लिपी वाचणाऱ्यांस हा प्रसंग नवा नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत. सलग ओळीत ‘दीडशेर’ इतकी अक्षरे दिसली की वाचणारा थबकतो : हे ‘दीड शेर’ आहे की ‘दीडशे र…’, म्हणजे पुढे ‘रुपये’ यावयाचे आहेत? ‘शे’ अलीकडच्या संख्येस द्यावयाचे की पलीकडच्या मापास, यावर शंभरपट अंतर पडते. दफ्तरातील कारकून संदर्भावरून तोडगा काढी. यंत्राच्या व्याकरणकर्त्यास संदर्भ नसतो, त्याला नियम करावा लागतो; आणि दोन व्याकरणकर्त्यांनी दोन नियम केले. दोघांपैकी कोणाचाही नियम अशास्त्रीय म्हणता येणार नाही. सायलॅबच्या मदतपुस्तिकेत हा विग्रह स्पष्ट नोंदविलेलाही होता. पण मदतपुस्तिका वाचतो तो अडलेला मनुष्य. आणि येथे कोणी अडतच नाही.

या दृष्टीने फॉसीच्या दोन उपायांचे मूल्यमापन करणे योग्य होईल. केवळ ‘मॅटलॅबमध्ये अमुक, सायलॅबमध्ये तमुक’ अशी कोष्टके वाटली असती तर ती शब्दकोशासारखी ठरली असती. बिंदूसारख्या ठिकाणी कोश मूक असतो, कारण दोन्ही रकान्यांत तेच चिन्ह छापलेले असते. पाठ्यपुस्तकातील सोडविलेल्या उदाहरणाजवळ मात्र छापील उत्तर असते. सायलॅबचे उत्तर त्याशी ताडून पाहता येते, आणि न जुळल्यास निदान शंका उत्पन्न होते. हा प्रकार कोशापेक्षा प्रयोगसंग्रहाच्या जवळचा आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या चळवळीचे तेच सर्वांत टिकाऊ काम होय. परंतु त्यासही एक बाजू आहे. पाठ्यपुस्तकातील उदाहरण बहुधा हाताने सोडविता येईल असे, एकेकट्या संख्यांचे रचलेले असते. एकाच संख्येच्या बाबतीत तारका आणि बिंदूसह तारका, रेषा आणि बिंदूसह रेषा यांत काहीच भेद उरत नाही. एकवचनात दोन्ही पोटभाषा एकरूप आहेत. भेद आहे तो अनेकवचनात, आणि तेथे छापील उत्तरे विरळ. म्हणून अशा प्रत्येक उदाहरणास तीन–चार संख्यांची एक लहान पंक्ती, हाताने काढलेल्या उत्तरासह, जोडावी अशी सूचना करावीशी वाटते. पंक्ती आडवी व उभी अशी दोन्ही रीतींनी द्यावी, आणि तीत सर्व संख्या निरनिराळ्या असाव्यात. सारख्या संख्यांच्या पंक्तीत क्रमाची चूक दडून राहते.

बिंदूच्या इतिहासाचे पुढचे प्रकरण ज्युलिया या भाषेत आहे. २०१२ मध्ये ती प्रकाशात आली. तिने मोलरचा बिंदू घेतला आणि त्यास सर्वत्र संचार दिला. केवळ गुणाकार–भागाकार नव्हे, तर कोणत्याही क्रियेच्या नावापुढे बिंदू दिला की ती क्रिया पंक्तीतील प्रत्येक घटकावर होते. त्यामुळे अंक, बिंदू आणि क्रियाचिन्ह यांचा सांधा तेथे पदोपदी येऊ लागला. ज्युलियाच्या कर्त्यांनी त्याचा विग्रह मॅटलॅबप्रमाणेही केला नाही आणि सायलॅबप्रमाणेही नाही. अंकास लागून बिंदू आणि बिंदूस लागून बेरजेचे चिन्ह आले तर ती भाषा वाक्य अर्थ न लावताच परत करते, आणि लिहिणाराने मोकळी जागा सोडून बिंदू कोणाचा ते सांगेपर्यंत पुढे जात नाही.